लेव्हलबाबांना दिलेला शब्द

सिल्वासातल्या आमच्या चाळीत शेजारी राहणारे लेव्हलबाबा कुणाच्याही घरी आले की आधी भांड्यांत डोकावायचे. माठ, बादली, शेगडीवरची डाळ, कशाची पातळी किती बोटं आहे ते बघितल्याशिवाय ते बसत नसत. "सूनबाई, डाळ दोन बोटं वर आली," असं ते घाबऱ्या आवाजात सांगायचे आणि आई हसायची. "बाबा, उकळतेय ती. तिच्यात वायू नाही सापडायचा!"

त्यांच्याबद्दल लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. त्यांना दिलेला शब्द मी मोडला आहे.

बाबा मूळचे धुळ्याकडचे. गुजरातच्या किनाऱ्यालगतच्या सपाट मुलखात तेल आणि वायू शोधायला सुरुवातीच्या विहिरी खोदत होते, तेव्हा ते तिथे मजुरीला गेले. खोदताना विहिरीत पातळ चिखल सोडतात. तो फिरून वर येतो आणि हौदात पडतो. हौदातला चिखल आपोआप चढायला लागला, तर खालून वायू जोर करतोय असं समजायचं. काठी घेऊन त्या हौदावर नजर ठेवायची, हे बाबांचं काम. "दिवसभर चिखलाकडं बघायचं. पगार बघण्याचाच होता, पोरी."

एकदा त्यांनी आरडाओरडा केला, आणि कुणीतरी हौदात पाणी ओतलं होतं असं निघालं. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. पुढच्या वेळी चिखल तीन बोटं चढला, तेव्हा बाबांनी खात्रीसाठी काठी पुन्हा एकदा बुडवली. तेवढ्यात विहीर उसळली, वायूने पेट घेतला आणि त्यांचा जोडीदार भाजला. "वाचला का?" मी विचारलं. बाबा उठून गच्चीवरची टाकी बघायला गेले.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "आज मास्तरला काय विचारलंस?"

"काही नाही."

"मग गेलीस कशाला? बसमध्ये खिडकी मिळते म्हणून?"

चाळीत ते एकटेच राहायचे, मुलगा नाशिकला. दर रविवारी खानवेलवरून दुधनीला जायचे आणि धरणाचं पाणी कुठवर आलंय ते बघून यायचे. कुणी सांगितलं नव्हतं. पण सोमवारी चाळभर त्याची बातमी असायची.

या हिवाळ्यात त्यांची चप्पल पायात जाईना. पावलं सुजली होती. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. "मुलाला कळवू नकोस. नाशिकला नेईल आणि गॅलरीत बसवून ठेवील. तुझ्या परीक्षेची शपथ आहे."

मी हो म्हटलं. मग रोज त्यांच्या पायांकडे बघत राहिले. आज कमी आहे, असं स्वतःला सांगायचे. मी कोण त्यांच्या घरात बोलणारी, असंही वाटायचं. अकराव्या दिवशी त्यांना बसून झोपावं लागतंय हे कळलं, तेव्हा कॉलेजच्या फाटकाजवळून मी त्यांच्या मुलाला फोन लावला. मी इतकं भरभर बोलले की त्याला सगळं दोनदा सांगावं लागलं.

तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं. निघताना बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काच खाली करून आईला म्हणाले, "सूनबाई, पोरगी शपथ मोडते. लक्ष ठेवा."

दर आठवड्याला मी नाशिकला फोन करते. मुलगा म्हणतो, "सूज उतरली, बरे आहेत." मग मागून बाबांचा आवाज येतो, "तिला सांग, मी झोपलोय."