पेवाच्या तोंडावर

मी बाळूच्या छातीवर बसले होते. बाळू माझा मुलगा. एकुलता, बायको असलेला, अंगानं दांडगा. त्याच्या दंडांवर माझे गुडघे होते आणि त्याच्या गळ्यातला गमजा मी मुठीत पिळून धरला होता. हातभर अंतरावर जमिनीत एक भोक होतं. त्या भोकाच्या तळाला कदम सर पडले होते. आधी ते ओरडत होते, मग कण्हत होते. आता आवाज येत नव्हता.

"माय, सोड! माणूस मरायलाय खाली!"

"मरू दे. तू उतरायचं न्हाई."

हे मी सगळ्यांसमोर म्हणाले. लातूरच्या एका कोचिंग क्लासचे शिक्षक भोवती उभे होते, आणि सरांची बायकोही. तिनं माझा हात धरून ओढला.

"तुमचा मुलगा तुम्हाला आहे. आणि माझा नवरा?"

"तुमचा नवरा पडलाय, बाई. माझं पोरगं अजून वर हाय."

वाचणाऱ्याला वाटेल, काय बाई आहे. वाटू द्या.

बाळूनं ठरवलं असतं तर मला कडबा फेकावा तसं फेकलं असतं. पण आईला झिडकारणं त्याला जमत नव्हतं. माझा जोर तेवढाच होता आणि मी तो पुरेपूर वापरला.

आमचा धंदा कृषी पर्यटनाचा. म्हणजे शहरातली माणसं शेतात फिरायला येतात आणि आम्ही त्यांना फिरवतो. थंडीत हुरडा असतो. हुरडा म्हणजे ज्वारीचं कोवळं कणीस आगटीत, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, भाजून हातावर चोळलेलं. बैलगाडी आहे, झोके आहेत, ओढ्यावरून दोराला लटकून जायची झिपलाईन आहे. झाडांना कंदील टांगलेत. ते कुणी पेटवत नाही, पाहुणे त्यांच्यासोबत फोटो काढतात. हिशेब आणि फोन बाळू बघतो. जेवण मंगल बघते, म्हणजे माझी सून. पाहुण्यांना काय दाखवायचं आणि काय नाही, हे मी बघते. मी चौथी शिकले. एवढ्याला तेवढं पुरतं.

लातुरात क्लासचं पीक आलं तसा आमचाही धंदा वाढला. गल्लीगल्लीत होस्टेल झाली. हदगाव, माहूरपासून पोरं येऊन राहायला लागली. दर चौकात सरांचे फोटो लागले, हाताची घडी घातलेले. त्यातलेच एक कदम सर. रविवारी आपल्या शिक्षकांना घेऊन ते आमच्याकडे आले. हुरडा खाल्ला, झिपलाईनवर ओरडून घेतलं, आणि मग म्हणाले, "आजी, ते जुनं गाव दाखवा ना. भूकंपातलं."

"ते दाखवत न्हाई."

"अहो, मी फ्रान्सला गेलो होतो. एका खेड्यात राहिलो. गाव केवढं, आपल्या मुरूडच्या एका गल्लीएवढं. पण चालायच्या वाटा आखलेल्या, नदीत होड्या, जुनी पडकी घरंसुद्धा जपलेली. सगळीकडे पाट्या. जग येतं बघायला."

"त्यांच्या भिंती हायत, त्यांनी दाखवाव्या. ह्या माझ्या भिंती हायत."

"इतिहास कळतो हो त्यातनं."

"तुमच्याकडं इतिहासाचा क्लास हाय का?"

शिक्षक हसले. सर नाही हसले. मी मंगलला ताटं मांडायला सांगायला गेले, तेवढ्यात बाळूनं माझ्यामागं त्यांना कबूल केलं. मोठं गिऱ्हाईक होतं, पुढच्या वर्षी पोरांच्या सहली देतो म्हणाले होते. मला कळलं तेव्हा सगळे बांध ओलांडून गेले होते. मी मागून निघाले. शिव्या घालतच निघाले.

जुनं गाव म्हणजे आता दगडांचे ढीग आणि त्यातून वर आलेल्या बाभळी. नवं गाव सरकारनं माळावर वसवलं. जुन्याकडं गुरंसुद्धा आम्ही नेत नाही. त्याचं कारण नुसतं दुःख नाही. कारण पेवं आहेत.

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. आकार रांजणासारखा. तोंड माणूस उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. आत ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची, फरशीवर माती. ओल शिरली की बंद पेवात धान्य कुजतं आणि हवा मरते. ती हवा दिसत नाही. पेव उघडलं की ते तसंच मोकळं सोडायचं आणि मग कंदील उतरवून बघायचा. कंदील विझला तर माणूसही विझतो. हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे.

माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं. भूकंपाच्या पहाटे आम्ही शेतावर होतो म्हणून वाचलो. मी, नवरा, दीर आणि पाळण्यातला बाळू. नंतर पत्र्याच्या शेडात राहिलो. मदतीचा गहू यायचा. नवरा म्हणाला, गव्हाच्या पोळ्या खाऊन जीव विटला, आपल्या पेवात आपली ज्वारी आहे. दोघं भाऊ गेले. ढिगारा उपसला, फरशी काढली. पेवात पावसाचं पाणी शिरलेलं होतं. दीर उतरला आणि पडला. भाऊ पडलेला बघून माझा नवरा उतरला. कंदील त्यांनी सोबत नेला होता. तो वर दगडावर तसाच होता, पेटवलेलाही नव्हता. माहीत दोघांनाही होतं. पण भाऊ डोळ्यासमोर पडल्यावर माहीत असलेलं कामाला येत नाही. तिथं धरणारं कुणी लागतं. कुणी नव्हतं.

मी जुन्या गावात पोचले तेव्हा कदम सर एका ढिगावर चढून फोटोला उभे होते. हाताची घडी घालून, चौकातल्यासारखे. खाली उतरले, दोन पावलं मागं सरकले आणि त्यांच्या पायाखालची फरशी फुटली. बाळू धावला. त्याच्यामागं मी धावले आणि त्याच्या पायात पाय घातला.

तर मी बाळूच्या छातीवर होते. त्या गोंधळात एक बाई पुढं आली. शेख मॅडम, उदगीरच्या, क्लासात फिजिक्स शिकवणाऱ्या. त्यांनी दोन तरुण शिक्षकांना कॉलर धरून मागं खेचलं. तेही उतरायच्या तयारीत होते.

"आजी बरोबर बोलायल्यात! खाली कार्बन डायऑक्साइड असणार, हवेपेक्षा जड. उतरेल तो पडेल." मग मला म्हणाल्या, "आजी, खाली हवा ढकलायला काही आहे का? पंप, पंखा, काहीही?"

माझ्या डोक्यात तोवर फक्त बाळू होता. बाळूच माझ्याखाली दबलेला बोलला, "आगटीचा पंखा हाय."

निखारे फुलवायला आमच्याकडं लोखंडी पंखा आहे. दांडा फिरवला की तोंडातून वारा सुटतो, लोहाराकडं असतो तसा. शेख मॅडमनी मंगलला फोन लावला. मी फोनवर ओरडले, "पंखा आण! मोटारीचा हिरवा पाइप आण! झिपलाईनचे दोर, पट्टे, आन् कंदील!"

"कंदील कशाला, आत्याबाई, दिवसा?"

"पेटवून आण!"

तोवर बसून राहण्यात अर्थ नव्हता. बाळू म्हणाला, "न्हाई उतरत. ऊठ आता, बरगड्या मोडशील." मी उठले, पण गमजा सोडला नाही. त्याला कडुलिंबाची मोठी फांदी तोडायला लावली. ती दोन शिक्षकांनी पेवाच्या तोंडात वरखाली घुसळली, ताक घुसळावं तशी. थोडी हवा तरी हलली असेल.

मंगल स्कुटीवर आली. पंखा पायाशी, पाइप गळ्यात, कंदील हँडलला. तेल कुठून काढलं कोण जाणे. पाइपाचं एक तोंड पंख्याला कापडानं आवळलं, दुसरं पेवात सोडलं, सरांच्या डोक्याजवळ जाईल असं. पंखा सरांच्या बायकोनं फिरवला. दुसऱ्या कुणाला दांड्याला हात लावू दिला नाही. तळहात सोलले तरी फिरवत राहिली.

मी दोरीला कंदील बांधून सोडला. अर्ध्यात विझला.

"आता तरी त्याला सोडा—" सरांची बायको म्हणाली.

"फिरवा!"

पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. तळाजवळ जाऊन फडफडला, विझला. बाळू माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. तिसऱ्यांदा कंदील तळाला टेकला आणि जळत राहिला. त्याच्या उजेडात सरांचा बूट दिसला. मी गमजा सोडला.

बाळूला झिपलाईनचे पट्टे बांधले. दोर शिक्षकांनी धरला. सरांसाठी दुसरा दोर आणि पट्टे त्याच्या कमरेला दिले.

"बोलत राहायचं," मी म्हणाले. "माझ्या नावानं शिव्या दे, पण गप्प बसायचं न्हाई. गप्प बसलास की ओढणार."

तो उतरला. खालून आवाज यायला लागला.

"म्हातारे, तू जन्मात कुणाचं ऐकलं न्हाईस!"

"आन्?"

"आन् चहात साखर घालत न्हाईस!"

"आन्?"

उत्तर आलं नाही.

"ओढा!" मी ओरडले. त्यांनी ओढला. बाळू अर्ध्यावर लटकत बोंबलला, "अगं, पट्टा दातात धरला होता! बोलू कसा?"

"दातात धरूनबी बोलायचं! सोडा खाली!"

पुढं तो नुसता "हां, हां, हां" करत राहिला. मग म्हणाला, "बांधलं. आधी सरांना घ्या."

"दोन्ही दोर एकदम," मी म्हणाले.

"मायऽ, जागा न्हाई तोंडाला!"

"मग तू सरांच्या पायाला चिकटून ये. पण खाली थांबायचं न्हाई."

दोघं एकामागं एक घासत वर आले. सरांचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ निळे. शेख मॅडमनी त्यांना कुशीवर वळवलं. ते ओकले आणि मोठ्यानं श्वास घेतला. तो आवाज फार घाण होता. मला आवडला. पाय मोडला होता. क्लासच्या बसमध्ये आडवं घालून त्यांना लातूरला नेलं.

बाळू ढिगावर बसून खोकत होता. मी त्याच्या थोबाडीत दिली. मंगल मध्ये पडली नाही.

उन्हाळ्यात सर काठी टेकत आले. खुर्ची दिली, बसले.

"आजी, मी खाली असताना तुम्ही 'मरू दे' म्हणालात म्हणे."

"हाव, म्हणाले."

"माझ्या बायकोसमोर?"

"तिच्यासमोरच. मग, मेलात का?"

ते बराच वेळ हसले. नंतर म्हणाले, त्या गावाला कुंपण घालू, वाट आखू, पेवं बुजवून पाट्या लावू, मी मदत करतो. मी म्हणाले, पेवं बुजवा, कुंपण घाला. वाट नको. पाटी मी मंगलकडून लिहून घेतली आहे, ती लागेल. पाटीवर लिहिलंय: इथे बघण्यासारखं काही नाही.

हा धंदा करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. एक माणूस पडला तर आधी दुसऱ्याला धरा. तो शिव्या देईल, बाकीचे तुम्हाला राक्षसीण म्हणतील. म्हणू द्या.

भूकंपातून आमच्या घरातले चौघं वाचले होते. त्यातले दोघं पेवात गेले. त्या रविवारी पेवात दोघं उतरले, एक पडून आणि एक दोरानं. दोघंही वाचले.