हैमवे

अंगणातल्या अडुळशाला पांढरी फुलं आली आहेत. हे झाड पणजीने पणजोबांच्या औषधासाठी लावलं होतं. पणजोबा जर्मन होते. कौलांच्या कारखान्यात कामाला म्हणून कोकणात आले आणि पणजीशी लग्न करून इथेच राहिले. त्यांचं गाव कोणतं, मागे कोण होतं, हे मी वर्षानुवर्षं शोधतोय. हाती काही लागत नाही. घरात ठाऊक एवढंच, की ते हैमव्याने गेले.

"छातीवर हात ठेवून म्हणायचे, हैमवे," आत्या आजही सांगत होती. "की आजी लगेच अडुळशाचा काढा उकळायची."

पुण्याहून आलेली माझी भाची जर्मन शिकते. ती हसता हसता थांबली. "मामा, हा आजार नाहीये. घराच्या आठवणीने जीव कासावीस होतो ना, त्याला जर्मनमध्ये असं म्हणतात."

तेव्हापासून मी या झाडापाशी उभा आहे. बाकी सगळं ते मराठीत बोलत. या एका दुखण्याला त्यांना आपल्याकडे शब्द सापडला नसावा. पणजीचं तरी काय चुकलं? आपलं माणूस छातीवर हात ठेवतं, तेव्हा आपण आपल्याला येतो तोच उपाय करतो.

मघाशी आत्याला विचारलं, "काढ्याने त्यांना बरं वाटायचं का गं?"

"वाटायचं की! आजी समोर बसून असायची. ते सगळा काढा संपवायचे, पेला तिच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, 'गेलं बघ.'"