तितराचं बोर

गेल्या उन्हाळ्यात माझी नणंद बेंगळुरूहून मुरुमला माहेरी आली, ती मांडीवर कुंडी घेऊनच. कुंडीत मातीलगत सरपटणारी नाजूक वेल आणि तिच्यावर वाटाण्याएवढं एकच लालभडक फळ. थंड मुलखातल्या जंगलात ही सावलीला पसरते म्हणे. दोन जुळ्या फुलांना मिळून एकच फळ धरतं, म्हणून त्यावर डोळ्यांसारख्या दोन खुणा. इंग्रजीत ह्याला तितराचं बोर म्हणतात, खाल्लं तरी चालतं, एवढं सांगून ती परत गेली.

सासऱ्यांनी कुंडीचा ताबाच घेतला. आमचं ऊन वेलीला सोसायचं नाही म्हणून कुंडी बैठकीत, भोवती ओलं पोतं आणि समोर कूलर.

सासूबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "माणसं उकडून निघालीत अन् झाडाला कूलर!"

"पाहुणी हाय ती," सासरे म्हणाले.

शेजारचे काका रोज डोकावून विचारायचे, "तितर आलं का वो?" फळ पिकलं की तितर येणारच, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

शेवटी एका रविवारी फळ खायचं ठरलं. काका चहाला आलेलेच होते. सासऱ्यांनी अडकित्त्यानं फळ कातरलं, तसं अर्धं टुणकन उडून काकांच्या कपात पडलं. काकांनी ते चहासकट गिळलं.

"लई गोड हाय!"

"गोड चहा हाय तो," सासूबाई म्हणाल्या.

उरलेल्या अर्ध्याचे सासऱ्यांनी आम्हा तिघांना तुकडे केले. माझा तुकडा जिभेवर आहे की खाली पडला, तेच मला कळेना. सासरे डोळे मिटून बसले होते.

"ह्याला चवच न्हाय," सासूबाई म्हणाल्या.

"हाय. लाजाळू हाय जरा. थांबा."

आम्ही थांबलो. चव काही आली नाही. सासऱ्यांनी लेकीला फोन लावला.

"अप्पा, त्याला चव नसतेच," ती म्हणाली.

"मग खाल्लं तर चालतं कशाला म्हणलीस?"

"चालतं म्हणले. गोड लागतं कुठं म्हणले?"

सासऱ्यांनी गुपचूप फोन ठेवला. मला हसू आवरेना, म्हणून मी उगाच कप गोळा करायला लागले. तेवढ्यात सासूबाई आत जाऊन कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून घेऊन आल्या. त्यातल्या निम्म्या फोडी सासऱ्यांनीच खाल्ल्या, कुंडीकडं पाठ करून.