भीतीचं पुस्तक लिहिणारी सोलांज

आमच्या घरी अनोळखी नंबरवरून आलेला फोन कुणी उचलत नाही. व्हिसावर काढलेल्या वर्षांत ही सवय लागली आणि ती अजून गेलेली नाही. फोन वाजत राहतो, माझा नवरा शिरीष आणि मी एकमेकांकडे बघत राहतो, आणि वाजायचा थांबला की दोघांपैकी एकजण धीर करून व्हॉइसमेल ऐकतो. त्या शनिवारी सकाळी मी ऐकला. सोलांजच्या अपार्टमेंटची मॅनेजर होती. सोलांजनं इमर्जन्सीसाठी माझं नाव दिलेलं होतं, आणि मला परत फोन करायला सांगताना त्या बाईचा आवाज इतका जपून चालत होता की पुढचं मला कळलंच. रात्री झोपेत सोलांजचं हृदय थांबलं होतं. शिरीषनं कणीक मळता मळता माझ्याकडे पाहिलं आणि नळाखाली हात धुतले... त्याला आता सहा आठवडे होत आले. तिच्यावर फ्रान्सच्या एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, ‘तत्त्वज्ञ, नाटककार आणि चित्रपट दिग्दर्शक’ अशा. त्या खऱ्याच आहेत. पण कॅलिफोर्नियात, इथल्या सांता क्लारामधली, आमच्या घरापासून तीन सिग्नल पलीकडे राहणारी सोलांज त्यांत नाही.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते इथल्या लायब्ररीत. सांगलीत मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवत होते. लग्नानंतर इथे आले ती डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे काम करायचं नाही. मुलगी इरा शाळेत जायला लागली, आणि दुपार नावाची एक भलीमोठी गोष्ट माझ्या अंगावर पडली. लायब्ररीत तत्त्वज्ञानाचा फुकट वर्ग चालतो असा कागद दारावर पाहिला आणि गेले. समोर एक उंच, हडकुळी बाई उभी, पांढरे केस कानामागे खोचलेले. ती म्हणाली, तुमच्या भाषेत भीतीला काय म्हणतात ते प्रत्येकानं सांगा. माझी पाळी आल्यावर मी ‘भीती’ म्हटलं, आणि का कोण जाणे, पुढे म्हटलं, पण आमच्याकडे ‘धास्ती’ असाही एक शब्द आहे. तिनं फरक विचारला. मी विचार करून सांगितलं, की कुत्रा अंगावर आला की वाटते ती भीती. कुत्रा कुठेच नसतो, तरी माणूस रस्ता बदलून जातो, ती धास्ती. वर्ग संपल्यावर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “तुला हा शब्द इतका नीट कसा माहीत?” मी हसून उत्तर टाळलं. माझा व्हिसा शिरीषच्या नोकरीला लटकलेला होता आणि त्याची नोकरी कुणाच्या तरी मर्जीला, हे अनोळखी बाईला काय सांगायचं?

तिचं स्वतःचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यानं कळलं. आईचं फ्रान्समधल्या एका लहान गावात औषधांचं दुकान होतं. सोलांज शाळेत तत्त्वज्ञान शिकवायची. तिकडे शाळेच्या शेवटच्या वर्षी तो विषय सगळ्यांनाच असतो. तिनं भीतीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, त्याचं कौतुक झालं, आणि त्या पुस्तकाच्या जोरावर कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठानं तिला बोलावलं. एका दिवशी भीतीवरचं लेक्चर संपल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “प्रोफेसर, तुम्ही कधी घाबरला आहात का?” सोलांजनं तिला तीन थोर तत्त्वज्ञांची मतं सांगितली. मुलगी थँक यू म्हणून निघून गेली. “घरी जाताना मला गाडी बाजूला घ्यावी लागली,” सोलांज मला म्हणाली होती. “त्या मुलीला काहीतरी झालं होतं. ती मला सांगायला आली होती, आणि मी तिला तळटीपा दिल्या.” ती मुलगी पुन्हा वर्गात आली नाही. तिचं काय झालं ते सोलांजला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ती गोष्ट तिच्या मनातून कधी पूर्ण गेली नाही.

पुढच्याच वर्षी तिनं विद्यापीठ सोडलं आणि पन्नाशीत पहिलं नाटक लिहिलं. दोन बहिणी घरात बसल्या आहेत आणि वडील जिना चढून येताहेत, एवढंच नाटक. वडील कधी दिसत नाहीत. बंद पडलेल्या गालिच्याच्या दुकानात, घडीच्या खुर्च्या मांडून प्रयोग झाला. मधेच एक दणकट माणूस उठून बाहेर गेला. तिला वाटलं, कंटाळला. प्रयोग संपल्यावर पाहते तर तो पार्किंगमध्ये थांबलेला. म्हणाला, “मला आत बसवेना. माझ्या घरातही असाच जिना होता.” सोलांज म्हणायची, तिच्या जाड पुस्तकानं एकाही माणसाला खुर्चीतून उठवलं नव्हतं. ती आणखी नाटकं लिहीत राहिली, पण नाटकात घाबरलेल्या माणसालाही मोठ्यानं बोलावं लागतं, म्हणून तिला ते पटेनासं झालं. घाबरलेला माणूस हळू बोलतो, त्याच्याजवळ जावं लागतं. म्हणून साठीनंतर ती कॅमेऱ्याकडे वळली. आणि त्या सुमाराला मी तिला भेटले.

चित्रपटात काम करशील का, हे तिनं मला तिच्या स्वयंपाकघरात विचारलं. गोष्ट एका बाईची होती. नवरा कामावर गेला आहे, दार वाजतं, ती उघडत नाही. मला आनंद झाला, आणि तो घरी पोचेपर्यंतच टिकला. शिरीष म्हणाला, “नीलिमा, फिल्ममध्ये काम म्हणजे काम ना यार. उद्या कुणी म्हणालं अनऑथराइज्ड वर्क आहे, तर?”

“पैसे घेत नाहीये मी.”

“ते त्यांना कोण सांगणार? तुझा चेहरा तर स्क्रीनवर दिसणार.”

आम्ही वकिलाला विचारलं. तो म्हणाला, बहुधा चालेल. ‘बहुधा’सारखा भीतीदायक शब्द मी तोवर ऐकला नव्हता. मित्रमंडळींत एकीनं सांगितलं की कुणाच्या तरी मेव्हणीचं एका फोटोवरून व्हिसाचं रिन्युअल अडकलं. खरं होतं की नाही देव जाणे, पण त्या रात्री शिरीषनं झोपेत माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सोलांजकडे जाऊन नाही म्हणून आले. तिनं समजूत घातली नाही. तिनं विचारलं, “नेमकं कशाला घाबरतेस? आवाजाला? पाठीला?” मी म्हटलं, चेहऱ्याला. “मग चेहरा नको,” ती म्हणाली.

तो चित्रपट तसा झाला. संपूर्ण वेळ मी पाठमोरी. माझी वेणी, खांदा, दाराच्या भोकाशी टेकलेलं डोकं, आणि मराठीत पुटपुटणं. नाव तिनं ‘धास्ती’ ठेवलं. तिला ‘ध’ कधी म्हणता आला नाही, ती ‘दास्ती’ म्हणायची. चित्रीकरणात मी खरीखुरी घाबरलेली होते. बाहेर गाडीचं दार वाजलं तरी माझी मान ताठ व्हायची, आणि ती मान तिनं जवळून टिपली. फ्रान्समधल्या एका छोट्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं. मला जाता आलं नाही. बाहेर पडलं तर परत येताना व्हिसाच्या स्टँपिंगचं काय होईल, ही धास्ती. परतल्यावर ती सांगत होती, “सगळे विचारत होते, चेहरा लपवण्यामागचा विचार काय? मी म्हटलं, तिचा नवरा घाबरतो.” शिरीष तेव्हा पहिल्यांदा तिच्यासमोर मोकळेपणानं हसला.

मी तिला नावानं हाक मारायचे, कारण तिनं आग्रह धरला होता. इंग्रजीत ते सोपं होतं. पण तिच्या भाषेत आमच्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळं असतं, आणि एकदा तिनं विचारलं, मनातल्या मनात मला काय म्हणतेस? मी म्हटलं, तुम्ही. ती थोडी खट्टू झाली. इरा मात्र तिला सरळ ‘सोलांज आजी’ म्हणायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलायची.

मग वर्षं गेली. आमचं ग्रीन कार्ड आलं. कार्ड हातात घेऊन मी तिच्याकडे पेढे द्यायला गेले, आणि तिनं विचारलं, “आता कसं वाटतंय?” मी खरं ते सांगितलं. काहीच वेगळं वाटत नव्हतं. टपाल आलं की पाकीट मी अजून शिरीष घरी येईपर्यंत उघडत नव्हते. ती म्हणाली, “भीतीला वाचता येत नाही, नीलिमा. तू तिला कार्ड दाखवून काय उपयोग?”

तिच्या डोळ्यांचं मला कळलं ते माझ्या कोटामुळे. हिवाळ्यातल्या एका पावसाळी दुपारी मी तिच्याकडे गेले, कोट दारामागच्या खुंटीला अडकवला आणि हात धुवायला आत गेले. बाहेर आले तर सोलांज त्या कोटाशी बोलत होती. इराच्या कॉलेजबद्दल विचारत होती, उत्तराची वाट बघत होती, हसत होती. मी दारात थिजून उभी राहिले. तिचं डोकं फिरलं असं मला वाटलं. मग मी हाक मारली आणि ती गर्रकन वळली. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी तिच्या कुठल्याही नाटकात पाहिलेलं नव्हतं. मग तिनं सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. नजरेच्या मधोमध एक डाग पडतो, कडेचं दिसतं, पण जे बघायला जावं तेच पुसलं जातं. “मी ज्याच्याकडे बघते ते नाहीसं होतं,” ती म्हणाली. “सगळ्यात आधी चेहरे गेले.” शेगडी लावायला, रस्ता ओलांडायला ती घाबरत होती आणि वर्षभर तिनं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मला तरी सांगायचं होतं. ती म्हणाली, “भीतीवर पुस्तक लिहिलेल्या बाईनं कुठल्या तोंडानं सांगायचं?”

त्यानंतर मी रोज जायला लागले. आणि त्याच हिवाळ्यात एका सकाळी शिरीषचा ऑफिसचा लॅपटॉप उघडेना. आधी त्याला वाटलं पासवर्ड चुकला. मग पर्सनल मेलवर पत्र आलं. पंधरा वर्षांची नोकरी नाश्त्याच्या आधी संपली. तो दिवसभर सोफ्यावर बसून राहायचा, फोन उलटा ठेवून. शेवटी मी त्याला सोलांजकडे घेऊन गेले, निदान घराबाहेर तरी पडेल म्हणून. तिनं त्याच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं आणि म्हणाली, “मला एक कॅमेरामन हवा आहे. घाबरलेला असला तर उत्तम.”

तिचा शेवटचा चित्रपट असा सुरू झाला. शिरीषनं कॅमेरा इंजिनिअरसारखा शिकून घेतला, प्रत्येक बटण काय करतं ते समजल्याशिवाय हात लावेना. या वेळी तिला माझा चेहरा हवा होता. एक बाई खुर्चीत बसून सरळ समोर बघते, एवढंच. आता कायद्याची अडचण नव्हती, तरी मला ते जमेना. दरवेळी मान आपोआप खाली जायची. मग सोलांज उठली, चाचपडत आली आणि माझ्या चेहऱ्यावरून बोटं फिरवायला लागली. भुवया, गाल, हनुवटी... थंडगार बोटं होती. “इतकी वर्षं मी तुझी मान ओळखत होते,” ती म्हणाली. “घाबरलीस?”

“हो. आणि तू?”

माझ्या तोंडून मराठीतच गेलं. पण ‘तू’ तिला कळलं. तिच्या भाषेतही तो तसाच आहे. “मीसुद्धा,” ती म्हणाली, आणि बाजूला होत शिरीषला म्हणाली, सुरू कर. मी समोर पाहिलं. कॅमेऱ्यामागे शिरीषचे डोळे पाण्यानं भरले होते, पण त्यानं फोकस हलू दिला नाही.

दोन आठवड्यांनी तो फोन आला.

फ्रान्समधल्या लिऑँहून तिची भाची आली, शांत मुलगी. तिनं अस्थी नेल्या, आणि चित्रपट तुम्हीच पुरा करा असं सांगून हार्ड ड्राइव्ह आमच्याकडे ठेवली. गेल्या रविवारी दुपारी आम्ही ते चित्रीकरण पहिल्यांदा सलग पाहिलं. माझा चेहरा आला, सोलांजनं बास म्हटलं, मी खुर्चीतून उठून चहा टाकायला आत गेले, आणि शिरीषही वायर गुंडाळत बाहेर गेला. कॅमेरा बंद करायचा मात्र तो विसरला होता. रिकामी खुर्ची पडद्यावर तशीच राहिली. मग कडेनं सोलांज आली. हात पुढे करून तिनं खुर्चीची पाठ शोधली, बसली, आणि स्वतःला दिसत नसलेल्या कॅमेऱ्याकडे तोंड करून राहिली. तिनं आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर बसायचं कबूल केलं नव्हतं. ओठ किंचित उघडे, श्वास वरवर चाललेला. घर तिला अचानक रिकामं वाटलं असावं. ती फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली, आणि मग इंग्रजीत, अगदी हळू, “कुणी आहे का?”

आतून भांड्याचा आवाज आला आणि माझा आवाज आला, मराठीत. “आहे, आहे. आलेच.”

तिला शब्द कळले नसणार. पण तिचे खांदे सैल झाले, आणि ती पाठ टेकून बसली.

शिरीषनं विचारलं, “हे फिल्ममध्ये घ्यायचं?” आम्ही बराच वेळ बोललो. घेतलं नाही. ते तिनं दिलेलं नव्हतं, आपण होऊन आमच्याकडे राहिलं होतं. चित्रपट माझ्या चेहऱ्यावर संपेल. तेवढा तुकडा शिरीषनं आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर वेगळा ठेवला आहे. काल नोकरीच्या इंटरव्ह्यूला निघण्याआधी तो तिथे उभ्यानंच ऐकत होता. पडद्याकडे त्याची पाठ होती. ‘आलेच’ ऐकून झालं, तसा त्यानं गाडीची किल्ली उचलली आणि गेला.