आभार मानायला उठलेले भाऊजी

नाशिकहून निघाले ती भाच्याच्या लग्नाच्या साड्या बघायला. कल्याणला एसटीतून उतरले, तर मनोहरभाऊजी (माझ्या बहिणीचे, सुलभाताईचे यजमान) न्यायला आलेले. रिक्षा ठाकुर्लीच्या रस्त्याला लागली तसे म्हणाले, "साड्या उद्या. आज दुपारी आपण ठाण्याला जायचं. विद्यापीठात परिसंवाद आहे. अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांच्या प्रशासनाचं मूल्यमापन."

"आपण करायचं?" मी विचारलं.

"आपण ऐकायचं. करणारे तज्ज्ञ आहेत."

मला हसू आवरेना. त्या अध्यक्षांना बिचाऱ्यांना कल्पनाही नसेल की आज ठाण्यात त्यांचा निकाल लागणार आहे. भाऊजी मात्र हसले नाहीत.

डोंबिवलीच्या घरी ताईने कोथिंबीरवड्या तळल्या होत्या. दुसरी वडी तोंडात टाकताना मला खरं कारण कळलं. ऋचा, माझी भाची, अमेरिकेत नोकरीला आहे. तिच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलीय. तिथे राहायला अडचण नाही, पण एकदा देशाबाहेर पडली की परत जाताना नवा शिक्का हवा, आणि त्यासाठी इथल्या वकिलातीत मुलाखत. नवी माणसं आल्यापासून त्या मुलाखतीच्या तारखा पुढे ढकलल्या जातायत म्हणे. तिच्या ऑफिसातली एक मुलगी आईला भेटायला आली, ती अजून हैदराबादलाच अडकली आहे. तिकडची नोकरी काही थांबत नाही.

"भावाच्या लग्नाला यायचं की नाही, ते उद्या सकाळी फोनवर ठरवायचंय," ताई म्हणाली. "ती म्हणते, बाबा सांगतील तसं. आणि हे म्हणतात, तज्ज्ञांना विचारतो. अगं, पण ती नसेल तर दार कोण अडवणार?"

नवरानवरी लग्नाहून घरी आली की आमच्याकडे नवऱ्याची बहीण दार अडवते. "तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का?" असं विचारते आणि भाऊ हो म्हणेपर्यंत आत सोडत नाही. मागणीला आता कुणी विचारत नाही, पण अडवण्याची हौस कायम आहे. ऋचा लहानपणापासून भावाला, ओंकारला, धमकी द्यायची, की तुला तासभर उंबऱ्याबाहेर उभा करीन.

जेवून निघालो. गाडी जयेशची. तो मोठागावचा आगरी, भाऊजींच्या नेहमीच्या ओळखीतला. खाडीवरच्या नव्या पुलावर मी काच खाली केली. दोन्ही काठांना तिवरांची (खारफुटीची) दाट हिरवी झालर, मध्ये मातकट पाणी, त्यात एकच होडी. आम्हा गोदाकाठच्या माणसांना भरती-ओहोटीचं पाणी नेहमी थोडं संशयास्पदच वाटतं.

"काका, अमेरिकेचा राष्ट्रपती काय करनार, ते ठान्याला बसून कलतं (कळतं)?" जयेशने विचारलं.

"बघू या," भाऊजी म्हणाले.

"मंग ऋचाताई येनार का नाय, तेवरा इचारून घ्या. बाकी काय नको."

घोडबंदर रोडला लागलो आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. दोन्ही बाजूंना मान मोडेल इतके उंच टॉवर. एकाच्या फाटकावर इटालियन नाव होतं आणि त्याच्याखाली पाण्याचा टँकर उभा होता. शेजारच्या गाडीतला माणूस चक्क दाढी करत होता. नाशिकला कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

सभागृह भरलेलं होतं. विद्यार्थी असतील असं मला वाटलं होतं. ते होतेच, पण निम्म्या खुर्च्यांवर आमच्या वयाची जोडपी. शेजारच्या बाईंनी बसल्या बसल्या विचारलं, "तुमचं कोण आहे तिकडे?" देवळात प्रसाद मिळाला का विचारावं इतक्या सहज.

व्यासपीठावर तिघे: एक निवृत्त राजदूत, एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि एक राज्यशास्त्राच्या बाई. आधी दीपप्रज्वलन. मग शाल आणि रोप देऊन सत्कार. मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. अर्थशास्त्राचे प्राध्यापक आयात शुल्कावर छान बोलले, राजदूतांनी जुन्या किश्श्यांनी हसवलं, बाईंनी न्यायालयं आणि अध्यक्ष यांच्यातली ओढाताण उलगडून सांगितली. मला मनापासून मजा आली. एवढ्या लांबचं सरकार घड्याळ उघडून आतली चक्रं दाखवावीत तसं समोर मांडत होते. भाऊजी हात वर करायच्या तयारीत पुढे सरकून बसले होते.

तेवढ्यात सूत्रसंचालक म्हणाल्या, "वेळेअभावी प्रश्नोत्तरं चहापानाच्या वेळी होतील."

भाऊजींचा चेहरा उतरला. चहाच्या गर्दीत कुणाला काय विचारणार? त्यात आभार मानणारे प्राध्यापक घोडबंदरलाच अडकलेले. सूत्रसंचालक बाईंनी भाऊजींना ओळखलं. डोंबिवलीच्या व्याख्यानमालेत वर्षानुवर्षं आभारप्रदर्शन हेच करतात. "काका, प्लीज," त्या म्हणाल्या.

भाऊजी माईकपाशी गेले. वक्ते, ध्वनिव्यवस्था, खुर्च्या लावणारे, कुणालाही सोडलं नाही. लोक चपला शोधू लागले. आभार मानणाऱ्याने प्रश्न विचारायचा नसतो, हा नियम डोंबिवलीत भाऊजींनीच घालून दिलेला. पण ते खाली उतरेनात.

"एक राहिलं," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "माझ्या मुलाचं लग्न आहे. मुलगी तिकडे आहे. तिला बोलावू की नको?"

चपलांचा आवाज थांबला. राजदूत म्हणाले, धोरण अजून स्पष्ट नाही. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी माईक नुसता पुढे सरकवला.

राज्यशास्त्राच्या बाईंनी तो जवळ घेतला. मग म्हणाल्या, "काका, इतका वेळ आम्ही मूल्यमापन केलं, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या कुणाकडेच नाही. आज सांगू ते उद्या बदलेल. माझी मुलगी असती तर मी तिला येऊ नको म्हटलं असतं. आणि मग लग्नभर सगळ्यांवर चिडत राहिले असते."

माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. भाऊजींनी हात जोडले.

परतताना माजिवड्याजवळ मिसळ खाल्ली. एरवी मी ठाण्याच्या मिसळीला नावं ठेवल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी विसरले.

सकाळी व्हिडिओ कॉल आला. ऋचाच्या खिडकीत संध्याकाळ होती. भाऊजींनी एका दमात सांगून टाकलं, "येऊ नकोस बाळा."

 ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे रडली, आम्हाला ऐकू येईल इतपत.

मग ऋचा म्हणाली, "मावशी, दार तू अडव. माझ्या वतीने."

"अगं, मावशी कुठे अडवते?"

"अडव ना गं. फक्त ते मुलगी मागणं नको. काहीतरी दुसरं माग."

"त्या दोघांना तुझ्याकडे दिवाळीला यायचं वचन मागते."

"त्यालाही व्हिसा लागतो," ओंकार म्हणाला. सगळे हसलो, ताईसुद्धा आतून.

ऋचा हसता हसता थांबली. "मग त्याला एवढंच विचार. बहीण केव्हाही आली, काहीही गमावून आली, तरी हे दार उघडशील ना?"

ओंकार तिथेच "हो" म्हणणार होता. भाऊजींनी त्याला थांबवलं. "आत्ता नाही. उंबऱ्यावर म्हण."

साड्या घेतल्या, दुसऱ्या दिवशी नाशिकची एसटी पकडली. कुतूहल म्हणून गेले होते, एका परक्या सरकारचं मूल्यमापन ऐकायला, आणि येताना उंबऱ्यावर उभं राहायचं काम घेऊन आले. वाक्य सोपं आहे, पाठ व्हायला हवं. कसारा घाटात खिडकीकडे तोंड करून मी ते पुटपुटून पाहिलं, बहीण केव्हाही आली... आणि पुढचं 'काहीही गमावून' तोंडातून निघेना. इगतपुरी आली, तरी मी तिथेच होते.