उजव्या बगलेखालची गाठ

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी आजवर चार बादशहा, नऊ बेगमा आणि शे-दोनशे सरदार यांच्या अंगावर कपडे चढवले आहेत. बादशहा पडद्यावर कितीही डरकाळ्या फोडो, त्याच्या सुरवारीत नाडी ओवायला आमच्या ताईच लागतात. म्हणून सेटवर त्यांचं नाव पडलं नाडीमावशी. मला पहिल्यांदा ते ऐकून रागच आला होता. ताईंना मात्र काही वाटत नाही. "नाडी नसेल तर दरबारात उभं राहून दाखवा म्हणावं," एवढंच त्या म्हणतात आणि कामाला लागतात.

भावोजी गेले तेव्हा ताई पस्तिशीच्या होत्या. शेजारच्या बाईंच्या ओळखीनं त्या स्टुडिओत बटणं लावायला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. त्याला आता बावीस वर्षं झाली. सध्या एका मुघलकालीन मालिकेचा अख्खा कपडेपट त्यांच्या हाताखाली आहे. कुठल्या प्रसंगात कोणी काय घातलं होतं, पागोट्याचा पीळ कुठल्या बाजूला होता, ओढणी कुठल्या खांद्यावर होती, हे सगळं त्या एका जाड वहीत फोटो चिकटवून लिहून ठेवतात. त्या वहीला घरात कोणी हात लावायचा नाही. माझ्या नवऱ्यानं एकदा तिच्यावर चहाचा कप ठेवला होता, तो प्रसंग अजून निघतो.

मालिकेतली माणसं ताईंना लेखकापेक्षा जास्त कळतात असं माझं प्रामाणिक मत आहे. थोरली बेगम रागावली की ओढणी घट्ट घेते आणि खचली की ती खांद्यावरून घसरू देते, हे ताईंनी ठरवलेलं. धाकट्या बेगमेला भीती वाटत असली की तिच्या अंगावर दागिने वाढतात, हेही त्यांचंच. लेखक हे सगळं नंतर मुलाखतीत स्वतःच्या नावावर सांगतो. मला ते ऐकून तिडीक येते, ताई हसतात.

गोष्ट थोडक्यात अशी. थोरली बेगम राजपूत घराण्यातली आणि तिचा सख्खा भाऊ बादशहाचा सेनापती. धाकट्या बेगमेला आपल्या मुलाला गादीवर बसवायचं आहे, म्हणून ती खोट्या पत्रावरून थोरलीवर फितुरीचा आळ आणते. आता भाऊ बहिणीच्या बाजूनं बोलणार की नोकरी सांभाळणार, यावर आमच्या घरात रोज रण माजायचं. सासूबाई छातीठोकपणे सांगायच्या, "बोलणार म्हणजे बोलणार. पाठचा भाऊ आहे तिचा." मी म्हणायचे, "आई, तो एक नंबरचा बुळा आहे." ताईंना पुढचं सगळं ठाऊक असायचं, पण त्या तोंडातून ब्र काढायच्या नाहीत. पोळ्या लाटत राहायच्या.

आणि मग ती चूक झाली.

ती समजायला एवढंच लक्षात ठेवायचं, की त्या काळी लांब घेरदार जामा घालत आणि त्याचे बंद बगलेखाली बांधत. आमच्या मालिकेत बादशहाच्या घरच्यांची गाठ उजव्या बगलेखाली आणि राजपूत सरदारांची डाव्या. जुन्या चित्रांत तसं दिसतं, असं ताईंनीच शोधून काढलं होतं. शिवलेल्या जाम्यांना दोन्हीकडे बंद असतात, म्हणजे एकच जामा कोणालाही घालता येतो. ताई नेहमी नटाच्या समोर उभ्या राहून गाठ मारतात. समोरच्या माणसाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, त्यामुळे सेनापतीची गाठ आपल्या उजव्या हाताला, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

दरबाराच्या प्रसंगाच्या दिवशी सेनापतीचा खांदा आखडला होता. हात वर जाईना. ताई त्याच्या मागे उभ्या राहिल्या, समोर आरसा होता, आरशात बघून त्यांनी बंद बांधले. आरशात गाठ त्यांच्या उजव्या हाताला दिसली, नेहमीसारखीच. मन निश्चिंत झालं. प्रत्यक्षात ती सेनापतीच्या उजव्या बगलेखाली बसली होती.

हे त्यांना कळलं संध्याकाळी, आमच्या जेवणाच्या टेबलावर वहीत फोटो चिकटवताना. डिंकाची बाटली त्यांच्या हातातून सुटली.

"काय झालं, ताई?"

"गाठ," त्या म्हणाल्या. "अगं, मी सेनापतीची गाठ बादशहाकडची बांधली. अख्खा दरबार तसाच चित्रित झालाय."

"मग उद्या परत करा."

"कसलं परत? सेट आज दुपारीच मोडलाय. आणि थोरली बेगम उद्या पहाटेच्या विमानानं लेकीच्या बाळंतपणाला चाललीय. तिचं काम आज संपलं."

गेल्याच महिन्यात लढाईच्या प्रसंगात एका सरदाराच्या मनगटावर घड्याळ दिसलं होतं. ते ज्या मुलीच्या नजरेतून सुटलं तिला दिग्दर्शकांनी त्याच दिवशी घरी पाठवलं. ताईंनी मध्ये पडून विनवलं, तर ते म्हणाले होते, "मावशी, उद्या तुम्ही चुकलात तर तुम्हालाही हाच न्याय."

मी ताईंना सांगितलं, गप्प बसा. गाठ कोण बघतंय? लोक बेगमेचे अश्रू बघतील. आतून सासूबाई ओरडल्या, "कसली गाठ गं?" आणि आम्ही दोघी चिडीचूप झालो. गाठ बघणारं माणूस आमच्याच घरात बसलं होतं.

त्यानंतर तीन दिवस ताई जेवल्यासारखं करायच्या. मी समजावत राहिले आणि चौथ्या दिवशी सकाळी त्या पायात चप्पल घालून, वही छातीशी धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "मी सांगून टाकते. चूक दुसऱ्या कोणी दाखवली तर बावीस वर्षं फुकट गेली असं वाटेल मला. तू नुसती बरोबर ये, बोलू नकोस." मी गप्प बसण्यासाठी प्रसिद्ध नाही, तरी दवाखान्यातल्या माझ्या नोकरीवर अर्धी रजा टाकली आणि निघाले.

संकलनाची खोली म्हणजे कपाटाएवढी. आत दिग्दर्शक, संकलक आणि मोठा पडदा. दिग्दर्शक तिशीतला, तिरसट माणूस. ताईंनी वही उघडून फोटोवर बोट ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं, आरशासकट. शेवटी म्हणाल्या, "चूक माझी आहे. त्या घड्याळाच्या मुलीला जो न्याय लावलात तो मलाही लावा."

दिग्दर्शकानं फोन करून लेखकाला वरच्या मजल्यावरून बोलावून घेतलं आणि संकलकाला म्हणाला, "लाव तो प्रसंग."

पडद्यावर दरबार उभा राहिला. थोरली बेगम चालत आली. बादशहानं विचारलं, तुझ्या बाजूनं कोण साक्ष देणार? ती म्हणाली, "मला साक्षीची गरज नाही. माझा भाऊ..." आणि थांबली. चांगली पाच-सहा सेकंद थांबली. मग बादशहाकडे वळून सावकाश म्हणाली, "आपला सेनापती इथे उभा आहे."

"थांबव," लेखक म्हणाला. "हे मी लिहिलेलं नाही. 'माझा भाऊ इथे उभा आहे' असं वाक्य होतं."

"ती विसरली होती," दिग्दर्शक म्हणाला. "सावरून घेतलं तिनं. बरं वाटलं म्हणून ठेवलं."

संकलकानं तेवढा तुकडा मागे नेऊन हळू चालवला. तेव्हा आम्हा सगळ्यांना दिसलं. "माझा भाऊ" म्हणताना तिची नजर भावाच्या चेहऱ्यावरून खाली उतरली, उजव्या बगलेपाशी आली आणि तिथेच खिळली.

दिग्दर्शकानं तिथल्या तिथे तिला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडे तान्हं बाळ रडत होतं. "गाठ ना?" ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम बांधून घेतलीत आणि मला सांगितलं नाहीत! चारशे भाग त्याची गाठ डावीकडे बघत आलेय मी. एकदम उजवीकडे दिसली, तर 'भाऊ' म्हणवेचना मला. नाडीमावशींना सांगा, असं दचकवत जाऊ नका म्हणावं."

लेखक खुर्चीत बसला. बिचारा दोन महिने अडला होता. सेनापती गप्प राहतो, एवढंच त्यानं लिहिलं होतं. का गप्प राहतो, ते त्यालाच सापडत नव्हतं. आता तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हणजे त्याचं दरबारात काही ठरलंच नाही. सकाळी कपडे घालतानाच ठरलं होतं. बादशहाचा माणूस होऊनच तो आला, आणि बहिणीला ते निकालाच्या आधी कळलं."

मला त्या क्षणी सेनापतीचा इतका संताप आला की काय सांगू.

दिग्दर्शकानं वही ताईंच्या हातात परत दिली. "पुढच्या भागापासून त्याची गाठ उजवीकडेच. वहीत लिहून ठेवा, मुद्दाम म्हणून."

"मुद्दाम नाही लिहिणार मी," ताई म्हणाल्या. मी त्यांना कोपरानं ढोसलं, पण उपयोग नाही. "चुकून झाली, तर चुकून लिहीन."

तो पहिल्यांदा हसला. "लिहा. आणि त्या मुलीला उद्या बोलावून घ्या परत. एकच न्याय म्हणालात ना?"

माझा जीव भांड्यात पडला. ताई जिन्यापर्यंत ताठ चालत आल्या आणि पहिल्याच पायरीवर बसून ढसाढसा रडल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांना गप्प बसायला सांगितल्याची मला लाज वाटत होती, ते मी त्यांना सांगून टाकलं. "तू माझ्यासाठीच म्हणत होतीस," त्या म्हणाल्या, आणि माझ्याच पदराला डोळे पुसले. नवी साडी होती, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही.

दोन आठवड्यांनी तो भाग लागला. संध्याकाळी साडेसातला आम्ही तिघी टीव्हीपुढे. थोरली बेगम थांबली आणि सासूबाईंनी पटकन चष्मा सारखा केला. "अगं बाई! गाठ बघ मेल्याची. गेला की हा तिकडे!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सख्ख्या बहिणीसमोर असा गाठ बांधून उभा राहिला. हात कसे धजले याचे?"

ताईंना राहवलं नाही. "आई, त्यानं नाही बांधली. मी बांधली."

सासूबाईंनी वळून त्यांच्याकडे असं पाहिलं, की थोरल्या बेगमेनं भावाकडे काय पाहिलं असेल.

"तू? तुझ्या हातानं?"

"हो."

"मग जरा सैल तरी बांधायचीस! भर दरबारात सुटली असती, म्हणजे कळलं असतं मेल्याला."

ताई हसायला लागल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. पुढचे दोन दिवस त्या ताईंशी कामापुरतंच बोलत होत्या.