माझ्या लग्नाची जागा पाहायला हैदराबादला

धर्माबादहून सकाळची गाडी धरली. निघताना सून म्हणाली, "आत्याबाई, एवढ्या उन्हाचं कशाला जाता?" मी म्हटलं, मंगलकडे जाते, दोन दिवसांत येते. मंगल माझ्या बहिणीची मुलगी, हैदराबादेत कुकटपल्लीला राहते. तिच्याकडे मी जाणारच होते. पण मुख्य काम वेगळं होतं. मला माझ्या लग्नाची जागा पाहायची होती.

माझं वय सहासष्ट. एकोणीस वर्षांपूर्वी नवरा वारला. ज्यांच्याशी लग्न करायचं ते खिल्लारे सत्तरीचे, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. रेल्वेत रुळांच्या कामावर होते, आता हैदराबादेतच तारनाक्याला दोन खोल्यांत एकटे राहतात. दोन वर्षांपूर्वी नांदेडला एका बारशात ओळख झाली. तेव्हापासून रोज दुपारी चारला फोन. मुलांना सांगितलं तर सभा भरवतील, म्हणून आधी गुपचूप लग्न करायचं आणि मग सांगायचं, असं आमचं ठरलं. मंडप नको, हॉल नको. वंदना घ्यायला एक उपासक, मंगल आणि तिचा नवरा, बस. आम्ही बौद्ध, आमच्यात अक्षता नसतात, वधूवरांवर फुलं टाकतात. म्हणून खिल्लारे म्हणाले होते की फुलांच्या रानातच लग्न करू, झाडाखाली हात केला की फुलं. या वयात हे बोलणं मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बासरजवळ गोदावरीच्या पुलावर गाडी आली. पाणी कमी होतं, वाळूच जास्त दिसत होती. समोर बसलेल्या निजामाबादच्या बाईनं विचारलं, "एकट्याच निघालात?"

"लग्नाचं काम आहे."

"कुणाचं लग्न?"

"घरचंच," मी म्हटलं आणि तिनं दिलेली जाम (पेरू) खाल्ली. चांगली गोड होती.

काचीगुड्याला दुपार झाली. खिल्लारे डोक्यावर ओला रुमाल टाकून उभे होते. माझी पिशवी घ्यायला लागले, मी दिली नाही. त्यांच्या गुडघ्यापेक्षा माझा खांदा बरा आहे. स्टेशनबाहेर एका खानावळीत जेवलो. भात, पप्पू (घट्ट वरण) आणि अंबाडीची चटणी. चटणी जिभेला झोंबली, तरी दोनदा मागून घेतली.

मग रिक्षानं सुलतान बाजारला गेलो, पांढरी साडी घ्यायला. गर्दी अशी की माणूस स्वतः चालत नाही, मागचा ढकलतो तसा पुढे जातो. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक पातळ, बिनकाठाची साडी पुढे टाकली. म्हातारीला हीच, असं त्याला वाटलं असावं.

"ये नक्को," मी म्हटलं. "काठ होना. शादी की होना."

"बेटी की शादी, अम्मा?"

"मेरी."

त्याचा हात गठ्ठ्यावर तसाच राहिला. मग हसला आणि म्हणाला, "मुबारक हो अम्मा, पैले बोलना था ना!" आणि आतून चांगल्या साड्या काढल्या. निळ्या काठाची पांढरी घेतली. मी वळून पाहिलं तर खिल्लारे जागेवर नव्हते. शेजारच्या दुकानात बॅटऱ्या पाहत उभे होते. माणसाला बॅटरी लागते कधी कधी.

रात्रीपुरती मंगलकडे गेले. चौथा मजला, लिफ्ट बंद. मंगल एका ऑफिसात नोकरीला आहे. तिची मुलगी मराठी बोलते, पण वाचताना एकेक अक्षर जोडते. मध्येच तेलुगू, मध्येच इंग्रजी. मला म्हणाली, "आजी, तुझं वेडिंग डेस्टिनेशन आहे काय?" मंगल हसून हसून खोकली. पत्रिका छापायची नाही तेच बरं, या पोरीला ती वाचता आली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिल्लारे आणि मी उप्पलहून बसनं घटकेसरला गेलो, तिथून रिक्षा, मग पायी. वाटेभर त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. पिवळ्या आणि गुलाबी फुलांनी भरलेलं माळरान. नोकरीत असताना तिथून रूळ तपासत जायचे म्हणे.

जागेवर पोचलो आणि पाहिलं. वाळलेलं गवत, धूळ, त्यात दोन म्हशी. फूल एक नाही.

"खिल्लारे, फोटो कधीचा?"

"दसऱ्याचा असेल."

"आणि आता काय चालू आहे?"

"फाल्गुन."

"मग दसऱ्याची फुलं तुमच्यासाठी फाल्गुनापर्यंत थांबतात काय? हे गुलाबी म्हणजे कुरडू. जन्मभर लोकांच्या शेतातून मी हे उपटून टाकलं. पाऊस गेला की हेही जातं."

"मी रूळ पाहायचो, बाई. फुलं कुठं पाहायचो," ते म्हणाले. तोंड इतकं उतरलं की मला हसू आलं. मग तेही हसले. म्हशींनी आमच्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, फाल्गुनात फुलं खाली शोधायची नसतात, वर पाहायचं. पलीकडे मोठमोठ्या गोल दगडांची टेकडी होती, एकावर एक ठेवल्यासारखी. तिच्या अंगावर शेंदरी रंग दिसत होता. अर्धा तास चढलो. दोनदा बसलो. माझी चप्पल तुटली, तिला कालच्या साडीच्या पुड्याची दोरी बांधली. वर आलो तर पळसाची सात-आठ झाडं, पान एक नाही, नुसती फुलं. खाली सडा पडलेला. दगडांच्या फटींत तरवडाची पिवळी झुडपं. वारा होता आणि लांबवर शहराच्या उंच इमारती काड्यांसारख्या दिसत होत्या. जागा पक्की झाली. मी हे मोठ्यानं बोलूनही टाकलं.

तिथं एक तेलुगू बाई होळीच्या रंगासाठी पडलेली फुलं पोत्यात भरत होती. तिनं पाणी दिलं. मग खिल्लारेंना तेलुगूत विचारलं, ही तुमची कोण?

खिल्लारे चाचरले आणि म्हणाले, "चुट्टालु (पाहुणे)."

त्यांना वाटलं मला कळणार नाही. धर्माबादच्या मिरची बाजारात तेलुगू बायकांच्या रांगेत बसून मी बारा वर्षं मिरचीची देठं खुडली आहेत. मला सगळं कळतं.

मी म्हटलं, "काल दुकानात तुम्हाला बॅटरी आठवली. आज मी पाहुणी झाले. या बाईला तुम्ही पुन्हा कधी भेटणार नाही, तिच्यासमोर तुमची जीभ अडते. मग तारनाक्याच्या शेजाऱ्यांसमोर मला काय म्हणणार? कामवाली?"

"तसं नाही, बाई."

"कसंही असो. मला लपवून ठेवायचं असेल तर मी संध्याकाळच्या गाडीनं जाते. साडी मंगल वापरेल."

ते दगडावर बसले. मग रुमालानं तोंड पुसलं, उठले आणि त्या बाईला तेलुगूत म्हणाले, "पाहुणी नाही. आमची पेंड्ली (लग्न) आहे. इथंच." बाईनं आधी तोंडावर हात ठेवला, मग पोतं सोडून ओंजळ भरभरून फुलं आमच्या अंगावर टाकली आणि खदाखदा हसली. आधीच टाकू नको म्हटलं तरी ऐकेना.

त्याच दमात खिल्लारेंनी वरंगलला मुलीला फोन लावला. स्पीकरवर. ती म्हणाली, "पप्पा, मला काय येडी समजता? दोन वर्षं झाली, रोज चारला तुमचा फोन बिझी येतो. त्यांना द्या." मला म्हणाली, "काकू, त्यांची बीपीची गोळी सकाळची आहे, विसरतात." झालं तिचं.

आता माझी पाळी होती. दुसऱ्याला बोलणं सोपं असतं. मी स्वतः पोराला मंगलचं नाव सांगून आले होते. अशोकला फोन लावला.

"अशोक, मी लग्न करते आहे."

"कुणाचं?"

"माझं."

"आई, ऊन लागलं का तुला?"

"सावलीत बसले आहे." मग सगळं सांगितलं. तिकडून फोन बंद झाला. खिल्लारे म्हणाले, रेंज गेली असेल. रेंज पूर्ण होती.

उपासकाच्या सोयीनं होळीच्या तीन दिवस आधीची तारीख ठरवली. होळीनंतर नको, पांढऱ्या साडीवर पोरं रंग टाकतात. संध्याकाळी खिल्लारे काचीगुड्याला सोडायला आले. फलाटावर त्यांच्या ओळखीचा एक जुना रेल्वेवाला भेटला. त्यानं काही विचारायच्या आधीच हे म्हणाले, "या सुभद्राबाई. येत्या पंधरवड्यात आमचं लग्न." आवाज जरा जास्तच मोठा होता. चहावाल्यानंही वळून पाहिलं.

परत येताना खिडकीत बसून विचार केला. माझं पहिलं लग्न तेराव्या वर्षी झालं, तेव्हा सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि मला एकटीलाच कुणी सांगितलं नव्हतं. या वेळी सांगायचं काम माझ्याकडे होतं आणि तेच मी टाळत होते. आता ते झालं. अशोक आला नाही तर वाईट वाटेल, लग्न मात्र थांबणार नाही.

अशोक चार दिवस माझ्याशी बोलला नाही. ताट पुढे केलं की जेवायचा, उठायचा. सून मात्र रोज हळूच विचारायची, साडी दाखवा ना. पाचव्या दिवशी जेवताना खाली मान घालून तो म्हणाला, "त्या टेकडीवर गाडी जाते का?"

"नाही. शेवटचा अर्धा तास चढायचं."

त्यानं भाकरी मोडली. "मग इथून पहाटेच निघावं लागेल," म्हणाला.